आईच्या पाठीत नेमकं काय बसवलंय? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री तथा रसायने व खते मंत्री,
नवी दिल्ली यांस

स. न. वि. वि.

दिवाळीनंतर माझ्या आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं. चौथा मणका पाचव्यावर सरकला होता. थोडं चाललं की पाय बधिर, मग दिसेल त्या ओट्यावर बसायचं. आता ती मंडईत चालत जाते, तेव्हा सर्जनबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे बिलातल्या एका ओळीबद्दल : 'स्पाइन इम्प्लांट सेट', म्हणजे पाठीत बसवलेलं सामान. पुढे सर्जनच्या फीपेक्षा मोठी रक्कम. कंपनी कोणती, बॅच नंबर काय, स्क्रू किती, काही नाही. लग्नातला केटररसुद्धा याहून तपशीलवार बिल देतो.

आदल्या संध्याकाळी आम्हाला विचारलं, "साधा केज घालायचा की एक्स्पांडेबल?" एक्स्पांडेबल महाग, आणि वरचा फरक मेडिक्लेममध्ये बसणार नव्हता. आईच्या पाठीचा प्रश्न असताना 'साधा' म्हणायची कुणाची छाती होईल?

केज म्हणजे काय, ते मी नंतर समजून घेतलं. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून त्या जागी तो बसवतात. हाड त्यातून वाढतं आणि दोन मणके एक होतात. एक्स्पांडेबल केज मिटलेला आत जातो आणि जागेवर गेल्यावर मोटारीच्या जॅकसारखा उचलला जातो. त्यामुळे ठोकाठोक कमी, नसाही कमी ओढाव्या लागतात. पण प्रमाणाबाहेर उचलला, तर तो मणक्यातच रुतू शकतो, आणि म्हातारपणी हाडं ठिसूळ असली की ही भीती जास्त. शिवाय पुढे जाऊन रुग्णाला साध्या केजपेक्षा जास्त आराम पडतोच, याबाबत संशोधनाचं अजून एकमत नाही. यातलं अक्षरही त्या संध्याकाळी आमच्या कानावर आलं नव्हतं.

फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची. हे सगळ्यांना आठवतं. पण स्टेंटच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती : रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत वेगळी, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबरसह दाखवायची. मणका या सगळ्यातून सुटला. त्याच्या इम्प्लांटची एमआरपी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढाच काय तो लगाम. पण मुळात छापलेली एमआरपीच फुगवलेली असेल, तर तो काय कामाचा?

मी कमाल किंमत मागत नाही. स्टेंटच्या वेळी काही कंपन्यांनी नवा माल भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली होती, ते लक्षात आहे. स्टेंटच्या बिलाचा तो नियम तेवढा मणक्याला लावा. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी दोन्ही पर्यायांच्या किमती आणि धोके लेखी द्यायला लावा. आदल्या संध्याकाळी नव्हे, किमान दोन दिवस आधी. किंमत ठरवणारं खातं आणि उपकरणांचे नियम करणारं खातं, दोन्ही आज आपल्याकडेच आहेत, म्हणून हे पत्र एकाच पत्त्यावर.

आणि इम्प्लांटच्या पाकिटावरच्या, कंपनी आणि बॅच नंबर लिहिलेल्या स्टिकरची प्रत रुग्णाच्या हातात पडू द्या. 2010 साली एका कंपनीने खुब्याचे सदोष कृत्रिम सांधे जगभरातून परत बोलावले, तेव्हा भारतातल्या कित्येक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. आईचा स्टिकर मागायला मी दोनदा जाऊन आलो. "फाइलला लावलाय," म्हणतात. फाइल रेकॉर्ड रूममध्ये, आणि रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर. सोमवारी पुन्हा जाणार आहे.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा, पुणे