रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इचलकरंजीतील कापड रंगाईचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या काळ्या ओढ्याचे पाणी पंचगंगा नदीत मिसळते आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, हे आपल्या वाचकांना नवे नाही. त्यामुळे धातूंच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी), नुसत्या उन्हात सांडपाणी शुद्ध करता येते असे वाचले की आशा वाटते. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे. मलाही ती वाटते, म्हणूनच या प्रयोगांच्या पद्धतीविषयी लिहीत आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीवर अतिनील किरण पडले की त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पाणी व ऑक्सिजन यांच्याशी होणाऱ्या क्रियेतून निर्माण झालेले हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कण) रंगाचे रेणू तोडतात. याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. अडचण अशी की, उन्हात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. म्हणून त्यावर चांदीचे नॅनोकण बसवतात. ते दृश्य प्रकाशही शोषतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. चांदी लागते ती अगदी थोडी, आणि चांदीच्या दागिन्यांचे हुपरी ज्या जिल्ह्यात आहे तिथे चांदीचे अप्रूप ते काय!

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गच्चीवर दोन चंचुपात्रे ठेवली. एकात ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेला मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग, दुसऱ्यात ओढ्याचे पाणी. ही भुकटी दोन्हींत सारखीच. दुपारी भुकटी खाली बसू दिली, तेव्हा पहिल्या पात्रातून पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचे मथळे वाचता आले. दुसरे संध्याकाळपर्यंत जांभळट-काळेच राहिले, वर खळीचा तवंग तसाच. गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरत नाही आणि रंगाईत वापरलेले मीठ व सोडा त्या मूलकांना मधेच खाऊन टाकतात, हे त्याचे कारण.

शिवाय रंग जाणे आणि पाणी शुद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅझो गटातील रंगाचा रेणू मध्ये तुटला की पाणी नितळ दिसते, पण उरलेल्या तुकड्यांत घातक अ‍ॅरोमॅटिक अमाइन असू शकतात. म्हणून सीओडी (पाण्यातील घाणीचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) आणि एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हे सांगितल्याखेरीज ‘शुद्ध’ हा शब्द वापरू नये. नॅनोकण पाण्यात सुटे राहिले तर चांदी नदीत जाईल, आणि ती माशांना व उपयुक्त जिवाणूंनाही मारक आहे. तेव्हा कण काचेवर किंवा सिरॅमिकवर घट्ट बसवणे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील चांदी मोजणे अपरिहार्य आहे.

माझ्या मते या तंत्राची जागा जैविक प्रक्रियेनंतरच्या शेवटच्या टप्प्यात, उरलेला हट्टी रंग घालवण्यापुरती आहे. कोल्हापुरातील जयंती नाल्याच्या मैलापाण्यावर तो उपाय नव्हे. तिथे नेहमीची प्रक्रिया केंद्रेच पूर्ण क्षमतेने चालायला हवीत.

शिवाजी विद्यापीठातील व येथील महाविद्यालयांतील संशोधकांनी प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगाईच्या कारखान्यांच्या) प्रत्यक्ष सांडपाण्यावर, पावसाळ्यातील ढगाळ दिवस धरून निदान वर्षभर चाचण्या घ्याव्यात. आणि आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना प्रयोगाचे पाणी नळाचे होते, ऊर्ध्वपातित होते की ओढ्याचे, एवढे तरी विचारून छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर