आजीच्या संशयाविषयी मुलीस पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आजी कामाच्या मावशींवर बांगड्या चोरल्याचा आळ घेते आणि संध्याकाळ झाली की आरडाओरडा करते, हे पाहून तू विचारलेस की हे आपल्या रक्तातच आहे का आणि तू जनुकीय चाचणी करून घ्यावीस का. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो आहे.

हा संशय आजीचा स्वभाव नव्हे, तो तिला झालेल्या आल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचाच भाग आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टमध्ये डॉ. आलोइस आल्झायमर यांनी ज्या आउगुस्ट डेटर यांना, म्हणजे या आजाराच्या पहिल्या नोंदलेल्या रुग्ण बाईंना, तपासले, त्यांच्यातही सुरुवातीलाच दिसलेले लक्षण नवऱ्याविषयीचा संशय हेच होते. असे भ्रम आल्झायमरच्या प्रत्येक रुग्णाला होत नाहीत. ज्यांना होतात त्यांच्या बाबतीत आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, कारण एका रुग्णाला भ्रम किंवा भास होत असतील तर हाच आजार झालेल्या त्याच्या सख्ख्या भावंडांतही ते अधिक प्रमाणात आढळतात. मात्र त्यामागे एकच जनुक नाही. एपीओई जनुकाचा ई४ हा प्रकार आल्झायमरचा धोका वाढवतो हे पक्के. पण त्यामुळे भ्रमही वाढतात का, याबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाशी संबंधित जनुकांचेही तसेच. २०२१ मध्ये सुमारे १२,००० रुग्णांच्या अभ्यासातून भ्रमाशी संबंध दिसणाऱ्या जनुकसंचातील दोन जागा हाती लागल्या, पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही.

म्हणून तुझ्या चाचणीत ई४ निघाला तरी आजार होईलच असे नाही, आणि झालाच तर तू आजीसारखी वागशील का, हे त्यातून मुळीच कळणार नाही. तिचा मुलगा असूनही मी ती चाचणी करून घेणार नाही. तुला करायचीच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकांशी बोल. घरी मागवलेल्या किटवर विसंबू नकोस.

जनुके बदलता येत नाहीत, पण भ्रमाला खतपाणी घालणाऱ्या कितीतरी गोष्टी आवरता येतात, आणि माझे सारे लक्ष आता तिकडे आहे. मध्यंतरी आजीचे ओरडणे एकाएकी वाढले तेव्हा लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, आणि औषधानंतर ती पुष्कळ शांत झाली. भ्रमावरच्या गोळ्या डॉक्टरांनी अजून टाळल्या आहेत, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांमुळे पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. मोतीबिंदूमुळे तिला अंधूक दिसते, त्यातूनही गैरसमज होतात. त्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरवली आहे. त्या आठवड्यात तू येऊ शकलीस तर मला आधार होईल.

तुझे,
बाबा