दलाचं नाव बदललं, मग कायद्याचं काय?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी कोण ना कोण फौजेत, म्हणून हा विषय कोरडा वाटला तरी लिहितोय. मिलिटरी पोलीस असो की निमलष्करी दल, नाव बदललं की बोर्ड आणि बिल्ले लगेच नवे होतात पण कायद्यातलं जुनं नाव तसंच राहतं. एसएसबीचंच बघा ना, १९६३ ला स्पेशल सर्व्हिस ब्युरो म्हणून सुरू झालं, २००३ ला सशस्त्र सीमा बल झालं आणि स्वतंत्र कायदा आला २००७ ला, त्यात आधीचं दल ह्याच कायद्याखालचं मानावं अशी तरतूद करावी लागली. जनरल क्लॉजेस ॲक्टचं (कायद्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारा कायदा) कलम ८ आहे, जुन्या कायद्याचा उल्लेख नव्याचा समजा असं सांगणारं, म्हणतील कोणी, पण ते जुना कायदा रद्द होऊन नवा आला तर लागू होतं, नुसतं दलाचं नाव बदललं तर नाही. आणि कायद्यात जुनंच नाव राहिलं तर अटकेचा अधिकार नेमका कुणाला, हे स्पष्ट नको का? नाहीतर वकिलांची चांदी! नाव बदलायच्या आदेशासोबतच सगळ्या कायद्यांतली, नियमांतली दुरुस्ती एकदमच काढा, पेन्शनचे नियम तर आधी.

– एक वाचक, कराड