एप्रिल २०२०मध्ये पेपर टाकला कुणी?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतली लॉकडाउनवरची कथा वाचली. भाषा चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. नायक निवृत्त प्राध्यापक, मुक्काम पुणे, काळ एप्रिल २०२०. हे गृहस्थ रोज सकाळी सातला दाराच्या कडीत खोचलेला पेपर काढतात, गॅलरीत चहा घेत रुग्णांचे आकडे वाचतात आणि मग कोकिळा ऐकून अंतर्मुख होतात. कोकिळेचं सोडून देतो. पेपर कुणी टाकला, तेवढं सांगा.

मी ३२ वर्षं पेठेत पेपरची लाइन चालवतो. त्या एप्रिलात सरकारनेच घरोघर पेपर टाकायला मनाई केली होती. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, राज्यात इतरत्र सवलत आली, मुंबई-पुण्याचं कुलूप तसंच राहिलं. परवानगी मिळाली जूनमध्ये, तीही गिऱ्हाइकाची संमती असेल तर. साहेब, या बातम्या छापणारे आपणच. कथा तपासणाऱ्या उपसंपादकांना एवढंही आठवू नये? नायकाला ई-पेपर वाचायला लावला असता तर मी गप्प बसलो असतो. पेपरची पीडीएफ तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरतच होती, आमच्या पोटावर पाय देत.

माझ्या लाइनीत तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा होते. रोज साडेसहाला फोन. "काय रे, सुटला का आज?" नाही म्हटलं की ठेवून द्यायचे. शेवटी एकदा दूध आणायला बाहेर पडलो तेव्हा घरातली फेब्रुवारीची रद्दी बांधून त्यांच्या खिडकीखाली गेलो. त्यांनी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. आत मार्चच्या बिलाचे पैसे, पेपर आला तेवढ्याच दिवसांचा हिशेब चिठ्ठीवर मांडलेला. नोटा सॅनिटायझरने चिंब, एकमेकींना चिकटलेल्या. घरी येऊन त्या चिमटे लावून वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी परत फोन. "शब्दकोडी सगळी भरलेली आहेत रे. कोरा गठ्ठा नाही का?"

हे आपल्या लेखकांना कुठून सुचणार? करोनावरच्या कथांत डॉक्टर असतो, पायी निघालेला मजूर असतो (आणि गॅलरी तर असतेच). जिना चढणारा कुणी नसतो. वस्तू आपोआप दारात उगवते. जूनमध्ये लाइन सुरू झाली तेव्हा एका सोसायटीच्या वॉचमनने माझ्या अख्ख्या गठ्ठ्यावर फवारा मारला. शाई अशी पसरली की पहिल्या पानावरचे मंत्री ओळखू येईनात. १४० घरांपैकी निम्म्यांनी साखळी लावलेल्या दारातूनच "आता मोबाइलवर बघतो" म्हणून सांगितलं. माझ्याकडे पेपर टाकणाऱ्या चार पोरांपैकी दोन गावी गेली ती गेलीच.

पत्र छापणार असाल तर नोटांचा मजकूर कापू नये ही विनंती.

आणि लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. ही रविवारची पुरवणी हल्ली पहाटे साडेपाचशिवाय गाडीतून उतरत नाही. फुटपाथवर बसून ती अंकात घालायची, त्यात जाहिरातींचे कागद भरायचे आणि साडेसहाला गिऱ्हाइकाची बोलणी आम्ही खायची. आपल्या वितरण विभागाला दोनदा सांगून झालं, आता आपल्या कानावर घालतो.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता, पुणे