गाडी घेण्याआधी पार्किंगमधला प्लग बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्ली पेपरात, टीव्हीवर, जिकडे तिकडे इलेक्ट्रिक, प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली) आणि पेट्रोल गाड्यांची तुलना येत असते आणि ती वाचून मला दरवेळी वाटतं की हे चालवणाऱ्यासाठी लिहिलेलंच नाहीये. शून्य ते शंभर किती सेकंदात, स्क्रीन केवढी, सनरूफ आहे का नाही. अहो, रोज कामावर जाणारा, मुलांना शाळेत सोडणारा, महिन्यातून एखाद्या वेळी लांब जाणारा माणूस या आकड्यांचं करणार काय? त्याने आधी एवढंच बघावं की आपली गाडी रात्री जिथे उभी असते तिथे प्लग आहे का, किंवा बसवू देतील का. अर्धाअधिक निर्णय तिथेच होतो, आणि नेमकी हीच गोष्ट कुठल्या ब्रोशरमध्ये नसते.

प्लग म्हणजे काही मोठा चार्जर लागतो असं नाही. साधा 15-16 अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट साधारण 3 किलोवॉट देतो, म्हणजे रात्री आठ तास लावून ठेवला तर 24 युनिट. थोडी वीज चार्जिंगमध्येच वाया जाते ती सोडली तरी मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी त्यात सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाते. रोज इतकं चालवणारे कितीसे असतात? फक्त एक काळजी घ्यायची, जी सेल्समन सहसा सांगत नाही. तासन्‌तास फुल लोड ओढणारं यंत्र जुन्या वायरिंगवर, सैल झालेल्या सॉकेटवर लावायचं नाही, तो तापतो, कधी वितळतोही. वेगळी लाईन, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग नीट आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यायचं, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको.

खर्चाचा हिशोबही लोक उगाच अवघड करून ठेवतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, त्यावर चांगली पेट्रोल गाडी 18 किलोमीटर जाते, तेवढ्याच ऊर्जेत इलेक्ट्रिक गाडी 60 च्या आसपास, कारण पेट्रोल इंजिन बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकतं. म्हणून ढोबळ नियम असा धरा, विजेच्या एका युनिटचा दर पेट्रोलच्या लिटरच्या दराच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर इलेक्ट्रिक गाडी चालवायला स्वस्त. घरच्या विजेवर हे बहुतेक ठिकाणी आरामात जमतं. पण बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, मग बचत बघता बघता आटते. वर फास्ट चार्जर 80 टक्क्यांपर्यंत भराभर भरतो आणि पुढच्या 20 टक्क्यांना इतका रेंगाळतो की मागे लाईन लागलेली असेल तर आपल्यालाच ओशाळं वाटतं. त्यामुळे घरी किंवा ऑफिसात प्लग नाही, सगळी भिस्त बाहेरच्या चार्जरवर, अशा माणसाने इलेक्ट्रिक गाडी जपूनच घ्यावी, कोणी काहीही म्हणो.

आता प्लग-इन हायब्रिड. खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते हिच्यामुळेच, कारण तुलनेत हिला नेहमी 'दोन्हीतलं उत्तम' म्हणून मधल्या खुर्चीत बसवतात. कल्पना छानच आहे, 10 ते 20 युनिटची बॅटरी, चाळीस-साठ किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोल, म्हणजे लांबच्या प्रवासात चिंता नाही. पण हे सगळं रोज रात्री न चुकता प्लग लावला तर! युरोपियन कमिशनने 2024 मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन-मीटरवरून सहा लाखांवर गाड्यांचे आकडे काढले. पेट्रोल-डिझेल गाड्या कागदावरच्यापेक्षा प्रत्यक्षात साधारण 20 टक्के जास्त कार्बन सोडत होत्या, तर प्लग-इन हायब्रिड सरासरी साडेतीन पट! ह्यात मुख्य दोष गाडीचा नाही, प्रयोगशाळेच्या चाचणीत असं धरलेलं असतं की मालक बऱ्यापैकी विजेवर चालवेल, आणि मालक चार्ज करायचा कंटाळा करतो. त्यातून गाडी कंपनीने दिलेली आणि पेट्रोलही कंपनीच्या पैशाने असेल तर केबल डिकीतून बाहेर काढतो कोण. चार्ज न केलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे रिकाम्या बॅटरीचं शे-दोनशे किलोचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी, झालं. याउलट रोज नेमाने चार्ज करणाऱ्याच्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून शिळं होतं. शेवरोले व्होल्टमध्ये तर जुनं पेट्रोल जाळून टाकायला इंजिन आपणहून चालू व्हायची सोयच केलेली होती. आणि मेंटेनन्स दोन्हीकडचा, ऑइल, स्पार्क प्लग, फिल्टर आहेतच, शिवाय बॅटरी आणि मोटर. तरीपण घरी प्लग आहे, रोजचं अंतर कमी आहे, घरात गाडी एकच आहे आणि वरचेवर लांब, चार्जर नसलेल्या रस्त्याने जावं लागतं, अशा माणसाला ही गाडी खरंच चपखल बसते. असे लोक आहेत, पण जाहिरातीत दाखवतात तितके नाहीत.

पेट्रोल गाडीला उगाच शिव्या घालायचं कारण नाही. घ्यायला बहुधा स्वस्त, पाच मिनिटांत टाकी फुल, मेकॅनिक कुठेही मिळतो. पण ज्या कामाला आपण ती सगळ्यात जास्त वापरतो, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, तिथेच ती सगळ्यात वाईट चालते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही आणि तो तापतोय तोवर आपण पोचलेलो असतो. प्लग नसेल आणि गर्दीत फार चालवायची असेल तर प्लग न लागणारी, चालता चालता स्वतःच बॅटरी भरून घेणारी साधी हायब्रिड बघावी, 1997 मध्ये टोयोटाची प्रियस आली तेव्हापासूनचं मुरलेलं तंत्रज्ञान आहे, पण तीन गाड्यांच्या तुलनेत ही चौथी कोणी धरतच नाही!

बॅटरीची भीती थोडी खरी, थोडी ऐकीव. 2010 ची पहिली निसान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी लिक्विड कूलिंगशिवाय (बॅटरी द्रवाने थंड ठेवायची सोय नसलेली) आली होती, गरम प्रदेशात तिची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, पटापट घसरली आणि तेव्हापासून 'बॅटरी जाते' हे लोकांच्या डोक्यात बसलं. आता बहुतेक गाड्यांत लिक्विड कूलिंग असतं आणि 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, 70 टक्के क्षमता राहील अशी वॉरंटी सर्रास मिळते. पण बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी (लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार) हे विचारून घ्या, एलएफपी बेलाशक 100 टक्के चार्ज करा, एनएमसी रोजच्याला 80 वर थांबवलेली बरी. 'मेंटेनन्स शून्य' हेही अर्धसत्य. ब्रेक पॅड खूप टिकतात, ऑइल नाही, क्लच नाही, मान्य, पण गाडी जड आणि पिकअप दांडगा म्हणून टायर लवकर झिजतात. आणि रस्त्यात बंद पडलीच तर कारण बऱ्याचदा ती मोठी बॅटरी नसतेच, साधी 12 व्होल्टची असते.

'वीज कोळशाचीच, मग उपयोग काय' असं विचारणाऱ्यांसाठी, वाहनांच्या प्रदूषणावर संशोधन करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात बॅटरी बनवण्यापासून भंगारापर्यंतचा हिशोब धरून मध्यम इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात 66 ते 69 टक्के कमी निघालं आणि कोळशावर जास्त वीज असलेल्या भारतात 19 ते 34 टक्के. भारतातला फरक लहान आहे, पण उत्सर्जन कमीच आहे, उलटं नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी तुलना छापाल तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं बॅटरी संपल्यानंतरचं मायलेज, इलेक्ट्रिक गाडीची हायवेवर एसी लावून मिळणारी रेंज आणि पेट्रोल गाडीचं गर्दीतलं मायलेज हे तीन आकडे एका ओळीत छापा. सनरूफची जागा थोडी कमी केली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक