बीडीडी चाळी पाडायच्या आधी त्यांची मोजणी करून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे ज्या जुन्या सरकारी चाळी पाडून टॉवर होतायत त्यांतल्या, पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या तेव्हाचे फोटो सगळ्यांनी बघितले, 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसं 500 चौरस फुटांच्या टू बीएचकेत गेली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे कारण माझं माहेर डिलाईल रोडच्या बीडीडीतलं. मजल्यावरच्या सार्वजनिक संडासापुढे सकाळी बादली घेऊन उभं राहण्यात माझं लहानपण गेलंय. त्यामुळे चाळ होती तशीच राहू द्या असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते. आता मी शाळेत भूगोल शिकवते आणि हे पत्र त्या नात्याने लिहितेय.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. बहुतेक ठिकाणी तो बाकावर बसूनच संपतो, प्रश्नावली कशी करायची याचं उत्तर पाठ होतं आणि दोन-तीन मार्क मिळतात. आम्ही यावेळी ठरवलं की लांब कुठे जायला नको, लोअर परळ स्टेशनवर उतरायचं आणि गणपतराव कदम मार्गाने चालत वरळी नाका, तिथून जांबोरी मैदान. प्रश्न एकच दिला, जुनं पाडून हे जे नवं शहर उभं राहतंय ते टिकाऊ आहे का? टिकाऊ म्हणजे बांधकाम किती वर्षं उभं राहील एवढंच नाही, तर आत राहणाऱ्याच्या खिशाला ते झेपेल का, पाणी, वीज, रस्ते पुरतील का, आणि शेजारपाजार राहील का. प्रत्येक ठिकाणी थांबून उणे दोन ते अधिक दोन असे गुण द्यायचे, सावली, आवाज, फुटपाथ, बसायला जागा, कचरा, असे रकाने.

रस्त्याच्या सुरुवातीलाच मुलांना गिरण्यांच्या जमिनीचं सांगावं लागलं, कारण आज तिथे काचेची ऑफिसं आणि मॉल दिसतात, 1982 च्या संपाआधी इथे भोंग्यावर माणसं चालायची हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. गिरणगावातली सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास करताना जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला, आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, शेड पाडून रिकामी झालेली जमीन त्यातून सुटली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. म्हणजे नियमातली दोन-तीन वाक्यं बदलली आणि अख्ख्या शहराचा नकाशा बदलला. ऑफिसं वाढली, माणसं वाढली, रेल्वेचे पूल तेवढेच राहिले, आणि 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगरून 23 माणसं गेली. हे सांगत असताना मुलं एकदम गप्प झाली, एकीची मावशी रोज त्याच पुलावरून जायची.

पुढे एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर आम्हाला अडवलं. आत बाग आहे, बाहेरून झाडं दिसतात, पण आयकार्ड नाही तर आत नाही. मुलांनी मला विचारलं, "मिस, हिरवळीला गुण द्यायचे का मग?" आम्ही तिथेच फुटपाथवर उभं राहून ठरवलं की जिथे आपल्याला बसता येत नाही त्या हिरवळीला शून्य.

मग बीडीडी. या चाळी 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12, अशा एकूण 207. तळमजला धरून चार मजले, मधे एक लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, म्हणजे मजल्यावर 20 आणि चाळीत 80. वरळीचा गुणाकार मुलांनी तिथेच केला, 9680 खोल्या.

ज्या चाळींत अजून वस्ती आहे त्यातल्या एकीत आम्ही गेलो. पॅसेजला मुलांनी काय गुण दिले असतील ते कुणीही सांगेल, भर दुपारी दिवा लावावा लागतो, दोन्ही बाजूंना पिंपं आणि चपलांचे स्टँड, उजेड उणे दोन, हवा उणे दोन. तेवढ्यात एका दारातल्या आजींनी पोरांना आत बोलावलं, सगळे मावणार नव्हते म्हणून अर्धे दारातच बसले. त्या म्हणाल्या, बाळांनो खोली मोजलीत ना, आता हा पॅसेज पण मोजा, माझ्या दोन्ही पोरी इथल्या बल्बखाली अभ्यास करून मॅट्रिक झाल्या, लग्नात पाहुणे इथेच झोपले, आणि ह्यांची नाईट असली की यायची वेळ होईपर्यंत शेजारीण इथे माझ्यासोबत बसायची. मुलांनी खरंच टेप लावून पॅसेज मोजला आणि आमच्या फॉर्मवरचा 'घराचं क्षेत्रफळ' हा रकाना तिथे चुकला. खोली 160 फुटांची होती पण घर तेवढंच नव्हतं. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेल्या कामगारांच्या गावकीच्या खोल्यांत, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत, तर माणसं पाळीपाळीने झोपायची, दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा व्हायचा, ते या पॅसेजशिवाय जमलंच नसतं.

नव्या 40 मजली टॉवरमध्ये एका ओळखीच्या कुटुंबाने आमच्यातल्या सहा मुलांना घर दाखवलं. स्वतःचं संडास-बाथरूम, खिडकीतून वारा, पोरीला अभ्यासाला वेगळी खोली. घरातल्या काकू नळ सोडून दाखवत होत्या, "पिंप नाही गं आता घरात" असं दोनदा म्हणाल्या. या रकान्यांत मुलांनी अधिक दोन दिले, आणि ते योग्यच होते. काळजी फक्त एकाच गोष्टीची बोलून दाखवली, मेन्टेनन्स. चाळीत भाडं नावापुरतं होतं, मोठी दुरुस्ती सरकारचं बांधकाम खातं (पीडब्ल्यूडी) करायचं. इथे लिफ्ट, पंप, फायरची यंत्रणा, जिन्यातले दिवे, सगळं कायम चालू लागतं आणि आज ना उद्या ते राहणाऱ्यांच्याच अंगावर येणार.

वर्गात परत आल्यावर मुलांना वाटत होतं की चाळीसाव्या मजल्यावर पाणी चढवण्यातच सगळी वीज जात असेल. गणित करून बघितलं. हजार लिटर पाणी 120 मीटर वर न्यायला पंपाची तूट धरून साधारण अर्धा युनिट लागतं, माणशी 135 लिटर धरलं तर पाच जणांच्या घराला दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. म्हणजे पाणी चढवणं एवढं महाग नाही, खरा खर्च लिफ्टचा आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी ती बदलायची वेळ येईल तेव्हाचा. मुंबईत लिफ्ट बंद पडलेल्या एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारती किती आहेत, गुडघे धरून जिना चढणारे म्हातारे किती आहेत, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि पाणी येतं कुठून, हे विचारल्यावर मुलांनी सात तलावांची नावं धडाधड सांगितली. भातसा शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे मात्र वर्गात दोघांनाच माहीत होतं. टॉवरचा हिशोब टॉवरच्या गेटपाशी संपत नाही तो असा.

आता मुद्द्यावर येते. एवढं सगळं करून आमच्या अहवालात एक मोठं भोक राहिलं. नव्या टॉवरची तुलना कशाशी करायची? ज्या चाळी पाडून झाल्या त्यांची कुणी अशी मोजणी केल्याचं आम्हाला सापडलं नाही, म्हणजे खोल्या, पात्र रहिवासी, कागदपत्रं हे सगळं सरकारने मोजलं, पण संध्याकाळी मैदानात किती पोरं खेळत होती, दोन चाळींच्या मधे कुठली झाडं होती, महिन्याचं वीजबिल किती यायचं, माणूस कामाला चालत जायचा की गाडीने, कुणाची पोळीभाजी कोण करून द्यायचं, हे आम्हाला कुठेच लिहिलेलं मिळालं नाही. दहा वर्षांनी कुणी विचारलं की पुनर्विकासाने लोकांचं भलं झालं का, तर आपण चाव्यांचे फोटो दाखवणार. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी आधीची नोंद, नसेल तर टिकाऊपणा कशावरून ठरवणार?

बऱ्याच चाळी अजून उभ्या आहेत, तिथे माणसं राहतायत आणि बोलायला तयार आहेत. म्हणून तुमच्या पेपरातून माझी मागणी अशी आहे की वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या आसपासच्या सगळ्या शाळा-कॉलेजांनी यंदाची क्षेत्रभेट इथेच करावी, सगळ्यांचा फॉर्म एकच असावा, एकेका शाळेने दोन-दोन चाळी वाटून घ्याव्यात, आणि तेच कुटुंब टॉवरमध्ये गेलं की पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी त्याच फॉर्मवर परत विचारावं. आताची दहावीची मुलं तोवर पंचविशीत असतील, पुढच्या बॅचला फॉर्म देऊन जातील. पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाने दोन गोष्टी कराव्यात. एक, मुलांना आत जायची परवानगी एका अर्जावर द्यावी, यावेळी आमचे तीन आठवडे कुणाला अर्ज करायचा हे शोधण्यातच गेले. दोन, ज्या टॉवरमध्ये लोक राहायला गेलेत त्यांचा सामाईक विजेचा, पाण्याचा आणि लिफ्टचा खर्च दर वर्षी जाहीर करावा, घरटी किती पडतो तेही. ज्यांना अजून जायचंय त्यांना हा आकडा आधी कळला पाहिजे.

आमचा फॉर्म दोन पानांचा आहे, पॅसेजचा रकाना आता त्यात घातलाय. कुठल्याही शाळेला हवा असेल तर तुमच्या कार्यालयात एक प्रत ठेवतेय, झेरॉक्स काढून द्यावी ही विनंती. पावसाळ्याआधी एक फेरी झाली तर फार बरं होईल, आम्ही गेलो होतो त्या आजींच्या चाळीलाही खाली करायची नोटीस आलीय.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, मुंबई