कार्बोरेटर बदलण्याआधी थेंब कुठून पडतो ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा चढला की जळगाव-भुसावळ पट्ट्यात गॅरेजसमोर एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘कार्बोरेटर ओव्हर होतोय’, म्हणजे त्यातून पेट्रोल गळतेय. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यापासून नव्या मोटारसायकलींत बहुतेक फ्युएल इंजेक्शनच असते. पण त्याआधीच्या बहुतेक दुचाकी आणि शेतात फिरवायच्या छोट्या एटीव्ही (जाड टायरच्या चारचाकी मोटारसायकली) अजून कार्बोरेटरवरच चालतात. गळती दिसली की एक तर वरून साबण किंवा एम-सील थापले जाते, नाही तर सरळ नवा कार्बोरेटर बसवला जातो. खरा दोष बहुतेक वेळा ज्या फ्लोट पिनमध्ये असतो, तिची किंमत कार्बोरेटरच्या पासंगालाही पुरत नाही. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते; तीत तरंगणारा फ्लोट वर आला की ही पिन आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, बसून पेट्रोल बंद करते.

आधी गाडी पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मोकळ्या हवेत काम करा, बिडी-काडी लांब ठेवा. पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा. त्यावर थोडी खडूची भुकटी भुरभुरवा, कॉक उघडा आणि पाच-दहा मिनिटे फक्त बघत बसा. थेंब शेवटी सगळ्यात खालच्या टोकालाच लोंबतो, म्हणून जमिनीवरचा डाग पाहून काही कळत नाही. भुकटी पहिल्यांदा जिथे ओली होते, ते गळतीचे मूळ.

पेट्रोल येणाऱ्या नळीच्या तोंडाशी ओल असेल तर नळी किंवा क्लिप गेली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि ओ-रिंगचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, ते फुगते नाही तर तडकते. नळी वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या की बदला. वाटीच्या सांध्यातून पाझर असेल तर पॅकिंग बदला. स्क्रू आवळत बसलात तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. ड्रेन स्क्रूवर थेंब असेल तर त्याची ओ-रिंग किंवा बुडाशी अडकलेला कचरा.

जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल येत असेल तर दोष आत आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलक्या टिचक्या मारा. गळती थांबली तर पिन कचऱ्याने अडकली होती. कचरा आतच आहे, गळती पुन्हा येणार. न थांबल्यास वाटीच्या ड्रेन तोटीला पारदर्शक नळी लावून ती वाटीला खेटून उभी धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीत दिसते तीच वाटीतली पातळी. ती सांध्याच्या थोडी खाली स्थिर राहायला हवी (नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते). चढतच राहिली तर पिन किंवा फ्लोट दोषी. पातळी बरोबर असूनही ओव्हरफ्लो नळी गळत असेल तर वाटीतली उभी पितळी नळी पाहा. वाटी काढून त्या नळीच्या तोंडाच्या खालपर्यंत पेट्रोल भरा. खालून थेंब पडला तर नळीच्या बुडाशी चीर आहे. ही चीर भल्याभल्या मिस्त्रींच्या नजरेतून सुटते आणि बिचाऱ्या पिना फुकट बदलल्या जातात.

पिन काढली की तिच्या रबरी टोकावरून नख फिरवा. कंगोरा लागला तर ती झिजली. मागची बारीक स्प्रिंग दाबून सोडल्यावर लगेच उसळली पाहिजे. सीट कान कोरायच्या कापसाच्या काडीने पुसा; पॉलिश पेपर लावाल तर सीट कायमची गेली. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो भोकाचा. पितळी फ्लोट कडकडीत पाण्यात बुडवला की बुडबुड्यांवरून भोक सापडते. हे काम झाल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून नळीने फुंका. फ्लोटच्या वजनाने पिन बसते, हवा आत जाता कामा नये. सुलटा केल्यावर ती सहज गेली पाहिजे.

आता आपल्या उन्हाची गोष्ट. पारा ४५ च्या घरात असताना टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात ठेवली की पेट्रोल फुगते. झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजलेले असेल तर आतला दाब पिनवर येतो आणि चांगली पिनही तग धरत नाही. गळती फक्त दुपारीच होत असेल तर झाकण हळूच उघडा. फुस्स आवाज येऊन थेंब थांबला, तर कार्बोरेटरला हात लावू नका, झाकण साफ करा. एटीव्ही बांधावर तिरकी उभी केली तरी फ्लोट कलतो आणि पेट्रोल वाहते. तो दोष नाही, सपाटीवर घ्या.

सगळ्यात महाग पडते ती बाहेर न दिसणारी गळती. पिन गळत असेल किंवा व्हॅक्युम कॉकचा (इंजिनच्या ओढीने उघडणाऱ्या पेट्रोल कॉकचा) पडदा फाटला असेल, तर रात्रभरात पेट्रोल इंजिनमध्ये उतरते. डिपस्टिक काढून तेल हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आधीपेक्षा वर असेल तर किक मारू नका. इग्निशन बंद ठेवा, प्लग काढा, प्लगची टोपी लांब बांधा आणि हळूहळू किक मारून सिलिंडरमधले पेट्रोल बाहेर काढा. मग गळती दुरुस्त करून नवे तेल भरा आणि त्यानंतरच गाडी चालू करा.

आपले,
दुचाकी व शेतयंत्र दुरुस्ती करणारे काही मिस्त्री
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव